सशाचं टेबल दारात अडकलं त्याची हकीकत

२ मे

ती. डिम्फ्ना आत्यास,
फिन्टनचा सादर नमस्कार. नाताळापासून तुला पत्र नाही, त्याबद्दल क्षमा कर. (कामात होतो असं लिहिणार होतो, नव्हतो.) खुब्याचं दुखणं कसं आहे? लिमरिकला तुझ्या नोरीनच्या घरी करमतं का?

तुझं कोरीव टेबल तिकडे पाठवायचा दिवस मीच ठरवला होता : काल. शेजारचा मॉसी टायनन आणि त्याची बायको ब्रीडा हात लावायला आले. पानांत दडलेला ससा, त्याच्यावर तोंड वासलेला सिंह, खाली केसाळ पंजांचे पाय, हे सगळं आडवं करून आम्ही दारापर्यंत नेलं. निम्मं बाहेर गेल्यावर मॉसी थांबला. "मास्तर, आज तारीख काय रे?"

एक मे. या दिवशी आपल्याकडे कोणी घरातलं मीठसुद्धा बाहेर देत नाही, वर्षाची बरकत त्याबरोबर जाते म्हणून. आणि ससा म्हणजे तर पहाटे गाईंचं लोणी पळवायला रूप पालटून आलेली चेटकी म्हातारी.

"अरे, हे नुसतं लाकूड आहे," मी म्हणालो.

"ते तुला कळतं. समोर चरतायत त्या माझ्या गाईंना कोण सांगणार?"

"याच्या कॉलेजात गाई नव्हत्या," ब्रीडा टेबलापलीकडून, म्हणजे रस्त्याच्या बाजूने म्हणाली. "आधी मला आत घ्या, मग वाद घाला."

मागे घ्यावं, तर एक पंजा चौकटीत रुतलेला. ब्रीडा खालून रांगत आत आली. टपालवाल्याने काही न विचारता पत्रं सिंहाच्या तोंडात खोवली. (त्यात तुझंही होतं, टेबल कधी पाठवतोस म्हणून.) संध्याकाळी मॉसीने चौकटीची पट्टी उखडली आणि टेबल पूर्वीच्या जागी गेलं.

मी इथेच वाढलो. एक मे कसला दिवस हे मला ठाऊक नव्हतं, असं कालपासून स्वतःला पटवतो आहे, जमत नाही. मुद्दाम तो दिवस धरला म्हणावं, तर तसं ठरवल्याचंही आठवत नाही. टेबल आत आल्यावर मॉसीपेक्षा मलाच जास्त हायसं वाटलं, एवढं मात्र खरं. आज न्यायला हरकत नाही, असं तो सकाळी सांगून गेला. मी म्हणालो, बघू.

तुझा,
फिन्टन

ता. क. टेबलापाशी बसल्याशिवाय चहा गोड लागत नाही, असं तू लिहिलंस. मग तूच इकडे राहायला का येत नाहीस? खरं तर एवढंच विचारायला बसलो होतो.

आणखी ता. क. मॉसीला विचारलं. मे महिन्यात आत्याला घरात आणायला आडकाठी नाही. "फक्त पहाटे गोठ्याकडे फिरकू देऊ नकोस," म्हणाला.

उद्या : खालच्या खोलीतली गादी उन्हात टाकणे.