मोडीला किती येतील

आबा, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलाच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना तुमच्यासारखा बाप नसणार. आज सांगलीत एका माणसानं तुमचंच बोलणं माझ्या तोंडावर मारलं, आणि ते कुणाचं हे त्याला ठाऊकही नाही.

मी सध्या इंटरनेटच्या दुकानात आहे. ते काय असतं हे मला नीट सांगता यायचं नाही. टेलिफोनच्या तारेतून अमेरिकेतला माणूस इथलं पान वाचतो आणि पटलं तर तिथं बसून वस्तू मागवतो, एवढं धरून चाला. कुपवाडची फौंड्री सोडली, बेदाण्याच्या शेडवर एक हंगाम काढला, गंधकाच्या धुरानं खोकला लागला तो लागलाच. मग ट्रकवर क्लीनर होऊन हुबळीपर्यंत गेलो. तिकडं एका धाब्यावरची खारी मिरची अजून आठवते, पण ते राहू दे. मी भांडी विकणाऱ्याचा पोरगा हे मालकाला कळलं आणि एका भांडीवाल्याचं पान लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं, घाट सुबक, पितळ जाड, कल्हई चोख. मालकानं वाचून बाजूला सारलं. "ह्ये कोन वाचनार, गड्या? मानूस माल हातात न घेता पैसं देनार. त्याला भरवसा पायजे. वर मोठ्या अक्षरात टाक, उद्या विकायला काढलं तर किती येतील. तू म्हनतोस न्हाई का, मोड? मोडीला किती येतील ते टाक. बघ कसं घेत्यात."

जुनं भांडं वजनावर परत देऊन जे पैसे येतात ती मोड, हे मीच त्याला चहा पिताना सांगितलेलं. म्हटलं, "घ्यायच्या आधीच विकायचं बोलायचं?"

"व्हय. धंदा म्हनत्यात त्याला."

तुम्हीही हेच म्हणायचात. कवठे महांकाळच्या बाजारात पोतं अंथरून बसलेले तुम्ही मला आत्ता दिसता. एक बाई लेकीच्या लग्नाला घागर घ्यायला आलीय, लेक लाजून मागं उभी आहे. तुम्ही घागरीच्या काठावर छिन्नीनं तिचं नाव घालताय आणि तोंडानं चालूच आहे, "आक्का, वीस वर्सं पानी भरूं दे पोरीला. कटाळली की माज्याकडं आन. निम्म्याच्या वर पैसं हातावर ठिवतो." नाव अजून पुरं झालेलं नाही, आणि तुम्ही घागर मोडायलाही निघालात. मला तेव्हाही तुमची शिसारी यायची.

मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, तुमच्या पोत्यापुढं कोणी थांबेना. एका बाजाराला तांबडा पटका बांधलेला एक माणूस सगळ्यांदेखत बोलला, "आवं, घेताना समदेच ग्वाड बोलत्यात. मोडायला आनलं की वळख तरी द्याल का?" लोक हसले. पुढच्या बाजारी आई द्राक्षाच्या बागेत कामाला गेल्यावर तिची घागर तुम्ही पोत्यात घातलीत. तिच्या बापानं लग्नात दिलेली. काठावर त्याचं नाव, खाली तिचं. चिंचेनं घासून ती घागर आई आरशासारखी ठेवायची. मी तेव्हा सतरा वर्षांचा, दहावीला दोनदा आपटलेला. तुम्ही म्हणालात, "तू गिऱ्हाईक व्हायचं. पल्याडनं यायचं, मला वळकायचं न्हाई. मी तोलतो, पैसं देतो, लोक बघत्यात. सांजच्याला घागर परत घरात. आईला कळायचं बी न्हाई."

मी आलो. "काका, मोड घेता का?" तुम्ही माझ्याकडं परक्यासारखं बघितलंत आणि ते तुम्हाला फार सहज जमलं. "कुनाची रं?" "आज्जीची." तुम्ही घागर तोललीत, पैसे माझ्या हातावर ठेवलेत, लोक जमले. तो पटकेवाला पुढं झाला. "सोंगं हायती! पोरगं मागनं परत नेत आसंल. मोड घेतलीया न्हवं? मग ठोकून दावा की!" मोडीत घेतलेलं भांडं जागेवर चेपायचं, म्हणजे तेच पुन्हा नवं म्हणून विकता येत नाही, ही तुमच्याच धंद्यातली रीत. तुम्ही हातोडा घेतलात आणि माझ्या आईची घागर सगळ्या बाजारासमोर चेपलीत. पहिल्याच घावाला काठ आत गेला, आणि दोन्ही नावंही. त्या दिवशी तुमच्या पोत्यावर एकही घागर विकायची उरली नाही.

घरी तुम्ही आईला सांगितलंत, दार उघडं होतं, चोर शिरला. आई चुलीपुढं बसून म्हणाली, "माज्या बापाची घागर नेली त्याचं हात झडूं देत." तुम्ही खाली मान घालून भाकरी कुस्करत होता. चार महिने रोज ते ऐकलंत, एकदाही बोलला नाहीत, आणि मेलात. मेल्यावर सुटलात. मी सुटलो नाही. तासगावच्या घरात आई अजून घागरीच्या रिकाम्या तिवईकडं बघून चोराला शिव्या देते, आणि मग तुमच्या फोटोला हात जोडते. हे बघवत नाही म्हणून घर सोडलं, आणि मी कुठल्याच गावात टिकत नाही. तुम्हाला शिव्या द्याव्यात आणि उद्या सकाळच्या एसटीनं जाऊन तिला सांगावं, चोर आबाच होते, असं ठरवून हा कागद घेतला.

मघाशी मालक डोकावला. "झालं का रं?" म्हटलं, "वरची ओळ राहिलीया." ती अजून कोरीच आहे.

हा कागद कुणाला पोचायचा नाही, म्हणून लिहितो. तो माणूस ठोकून दावा म्हणाला तेव्हा तुमचा हात थांबला होता. हातोडा मांडीवरच होता आणि तुम्ही माझ्याकडं बघितलंत. त्या वेळी परक्यासारखं नाही. मी नुसतं "नको काका, आज्जी रागवंल" म्हटलं असतं तर तुम्ही घागर मला परत दिली असती, लोक हसले असते, एवढंच. पण सगळा बाजार माझ्याकडं बघत होता, आणि मला ते लय बरं वाटत होतं. मी म्हणालो, "ठोका की काका, घरात कुनाला लागतीया ती!"

उद्या आईला सांगताना एवढं एक वाक्य मी गाळणार होतो.