एक लाल पट्टा कमी

सातारा
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५
दुपारचे सव्वाचार

चि. इंद्रजित यास,
आशीर्वाद.

साक्षीचं हाड मोडलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडापुढं धरून चार वाजता तसं सांगितलं आणि मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मनगट मुरगळलंय. सूज आहे, हात झोळीत बांधलाय. आत खाटेवर बसून ती बिस्किटं खातेय.

अक्षर तू ओळखलं असशीलच. तरी कागद फाडू नकोस.

साक्षीच्या सिद्धू सरांनी तुला फोनवर 'एका पालकांनी तिला दवाखान्यात नेलंय' एवढंच सांगितलं. तो पालक मी. सरांजवळ तासगावची आणखी नऊ पोरं, त्यांना कराटे स्पर्धेचं मैदान सोडता येईना. म्हणाले, "हवालदार, तुमीच जावा." आलो.

मंगल आणि अंकिता बऱ्या आहेत. अंकिता पहिलीच लढत हरली आणि पंचांवर रागावलीय. तुझी बागेची छाटणी ऐन भरात असणार, म्हणून तू पोरीबरोबर आला नसशील. त्यात तुझी चूक नाही, आधीच सांगतो.

अंकिता इथं दोन वर्षं कराटे शिकतेय. स्पर्धा असली की आम्ही आईबाप मदतीला असतो. कुणी पाणी देतं, कुणी वेळ लावतं. फौजेतून आलेला माणूस म्हणून मला पट्टे दिले. प्रत्येक लढतीत एकाला लाल, दुसऱ्याला निळा. बांधायचा, लढत झाली की सोडून घ्यायचा. संध्याकाळी मोजून परत.

आपलं कुणी खेळत असेल त्या मॅटवर काम करायचं नाही, असा नियम आहे. त्यासाठी इथले जयराज सर सकाळी सगळ्यांकडून कागद भरून घेतात. अंकिता एक नंबरवर, म्हणून मला तीन नंबर दिला. तीन नंबरच्या यादीत सातवं नाव साक्षीचं. मधे तुझं नाव, पुढं आपलं आडनाव, गाव तासगाव. मी यादी बघितली आणि कागदावर लिहिलं, 'या मॅटवर माझे कोणीही नातेवाईक नाहीत.' खाली सही केली.

लिहिताना एकदाही अडखळलो नाही. त्याचंच वाईट वाटतंय.

ती समोर येऊन उभी राहिली. तीन वर्षांची बघितली होती, आता अकराची. चालणं तुझ्यासारखं, एक खांदा खाली. मी लाल पट्टा बांधायला लागलो तर म्हणते, "काका, लय आवळू नका. पप्पा दोन बोटं घालून बघतात, तसं बघा." आपल्या चड्डीची नाडी बांधताना आई तसंच करायची, आठवतंय? दोन बोटं आत घालायची आणि म्हणायची, आता कुठंबी पळ. मी दोन बोटं घालून बघितली. पोरगी दोन लढती जिंकली. तिसरीत मागं सरताना पाय अडकला आणि सगळं अंग डाव्या हातावर आलं.

रिक्षात रडली नाही. दवाखान्याच्या पायरीवर मात्र माझी बाही धरून रडली. "काका, तुमी जाऊ नका हं. आनि मी रडले असं पप्पास्नी सांगू नका." (सांगितलं. तू तिला कळू देऊ नकोस.)

खिडकीवर पुन्हा कागद. 'रुग्णाशी नाते.' मागं रांग होती, आतला माणूस म्हणाला, "आवं, लिवा की लवकर." मी 'चुलता' लिहिलं.

साक्षीनं वाकून वाचलं. हळूच म्हणाली, "खोटंच लिवलं ना? आत घ्यावं म्हणून?"

"न्हाई. खरं हाय."

तिनं माझा चेहरा निरखून बघितला. मग म्हणाली, "तुमी फोटोतले हायसा. पप्पांच्या फोनात. वर्दीतला." मी विचारलं, पप्पा काय सांगतात, कोण आहे म्हणून? "म्हणतात, हाय एक जण." मग तिला दुसरंच सुचलं. "म्हंजे ती अंकिता माझी बहीण? सकाळी मी पाणी मागितलं तर म्हणाली, तासगावच्यांनी आपापलं आणायचं!"

मी हसलो, इंद्रजित. आणि मग मला तिथं बसवेना. म्हणून बाहेर येऊन लढतींच्या तक्त्याच्या पाठकोऱ्या कागदावर हे लिहितोय.

आईच्या दहाव्याला सगळ्यांसमोर तू विचारलंस, आई होती तोवर का आला नाहीस. मी म्हणालो, रजा मिळाली नाही. तू म्हणालास, मागितलीच नसशील. त्यावर मी रुसलो आणि आठ वर्षं रुसूनच राहिलो. वर्दीवर असा संशय घेतो म्हणजे काय, वगैरे. लोकांना ते पटायचं. रुसायला मला ते बरं पडलं.

रजा मिळाली होती. पंधरा दिवसांची.

मी कराडपर्यंत आलो होतो. आई सांगलीच्या दवाखान्यात, नळ्या लावलेली, कुणाला ओळखत नाही, असं तूच फोनवर सांगितलं होतंस. कराडच्या स्टँडवर चार तास बसलो. सांगलीच्या तीन गाड्या समोरून गेल्या. चौथी साताऱ्याची लागली आणि मी तीत चढलो. इथं घरात दोन दिवस नुसता पडून होतो, तोवर आई गेल्याचा तुझा निरोप आला. आईनं मला ओळखलं नाही तर मी काय करू, एवढंच डोक्यात होतं. तुला तिथं एकट्याला काय काय करावं लागत असेल, हे डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी उतरलो असतो का, माहीत नाही.

मंगलला ठाऊक आहे. तिनं आजवर कुणाला सांगितलं नाही, पण मला आईच्या फोटोला हारही घालू देत नाही. स्वतः घालते.

आता पुढचं. तू कराड सोडलंस, असं सरांचा निरोप आलाय. म्हणजे तासाभरात पोचशील. ही चिठ्ठी साक्षी तुझ्या हातात देईल. तोंडानं मला हे सांगता आलं नसतं, आणि मला बघून तू बोलूच दिलं नसतंस. डॉक्टरीणबाई घरी सोडतायत, पण उद्या सोमवारी सूज पुन्हा दाखवायचीय. सांगलीत दाखवलं तरी चालेल म्हणाल्या.

एक काम राहिलंय. पळापळीत लाल पट्टा तिच्या कमरेलाच राहिला. जयराज सरांचा दोनदा फोन आला, मोजणीत एक लाल कमी आहे. मी सोडायला गेलो तर पोरगी म्हणते, राहू दे, पप्पा सोडतील. तेव्हा तू सोड. आणि तो मला आणून दे. साक्षीजवळ पाठवू नकोस, तिचा हात झोळीत आहे. मी फाटकाच्या आत, डाव्या हाताच्या बाकावर बसलोय. तू काय बोलायचं ते बोल, नाहीतर नुसता पट्टा दे. तू येईपर्यंत मी उठणार नाही.

साक्षीचा चुलता,
उदयसिंह