माझ्या फोटोला हार

१२ डिसेंबर १९९४, देवास गेटची धर्मशाळा

सुटून आठ दिवस झाले, तेव्हा कुठे आज माधव नगरला सुमनच्या खोलीवर जायचं धाडस केलं. कैद्याच्या बायकोला कोणी खोली देईना, म्हणून तिने विधवा असल्याचं सांगितलं, हे पत्रातून कळलं होतं. हाराचं कळलं नव्हतं. भिंतीवर माझा फोटो, त्याला चंदनाचा हार!

घरमालकीणबाई चहा घेऊन आल्या. सुमन म्हणाली, "हे माझे मोठे दीर."

"बिलकुल भावासारखे दिसता हो. फार लवकर गेले बिचारे."

चिडू तरी कुणावर? मी जिवंत निघालो तर सुमनची खोली जाईल. हारावर धूळ नव्हती. रोज पुसत असेल का?

निघताना बाई दारातच उभ्या होत्या. मग मीही फोटोला हात जोडले.