चुलीमागचा मिश्रीचा डबा

मुंबई, सोमवार

धोंडू, तुला थोरल्या भनीचा भरभरून आशीर्वाद.

फोनवर दर येळी आमचा राजवर्धनच बोलतो म्हनून तू रुसलीस म्हनं. रुसू नगं. गालाची गाठ काढल्यापास्नं माजं बोलनं कुनाला कळत न्हाई. हात धड हाय, म्हनून लिवती. दुकत न्हाई. पोरगं लय जपतं. पेज तेवडी नळीनं घ्याय लागती.

मिश्री सुटली गं. चाळीस वर्सं सोडीन सोडीन म्हनत हुते, आता दोन म्हैनं झालं. पर शेजारनीची भाकरी तव्यावर करपली की मिश्रीची तंबाकू भाजल्यागत वास येतो. बोट आपसूक तोंडाकडं जातं, आन् पट्टीला लागतं.

शेळ्या व्याल्या का? तुजी सून राणी मिश्री लावती का? लावत आसंल तर आजच थांबीव.

चुलीमागचा डबा उकिरड्यात वत. मग आरसा घिऊन उनात बस आन् गालाच्या आतनं नीट बघ. पांढरा डाग दिसला तर शेळ्या कुनाकडं बी सोड, पर आटपाडीला दवाखान्यात जा. मला आदी तेवडाच दिसला हुता. तिखटानं भाजलं आसंल म्हनून मी सोडून दिलं.

तुला आठवत नसंल. सात वर्साची हुतीस, दाढ दुकती म्हनून रडत हुतीस. आई रानात गेलती. तवा मिश्रीचं पैलं बोट तुज्या तोंडात मीच फिरवलं. तू गप झालीस, आन् मला लय बरं वाटलं.

नुसतं ‘डाग न्हाई’ एवडंच लिवून धाड.

तुजी आक्का