कर्नलचा एक आणि मातोश्रींचे अठ्ठावीस

तीर्थस्वरूप दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एरवी मी तो एकाच हाताने करतो, असं तुम्ही ताईजवळ म्हणालात तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो.) गुडघा आता कसा आहे? जिना चढताना कटकट वाजायचा तो थांबला असेल तर उत्तमच. नसेल तर मला एकदा ऐकवा, आवाजावरून बिघाड ओळखणं हा माझा धंदाच आहे. ताईची सर्दी उतरली असेल असं धरून चालतो, कारण परवा फोनवर तिचा आवाज चांगलाच मोकळा लागला.

आता हिशेब. मेमरीची एक वीतभर हिरवी पट्टी यंत्रातून उपसायला मला खरोखर काय पडलं, तर साडेतीन दिवस, उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं, कवळीवाल्या बाईंचा दोन वर्षांत कमावलेला विश्वास आणि तुमच्या मातोश्रींचे अठ्ठावीस दात. पहिल्या तिन्हींचं माझं मी बघून घेईन. चौथ्याचा खुलासा मात्र तुम्हाला द्यायलाच हवा. ताई म्हणाली, तू फोनवर समोरच्याला बोलू देत नाहीस, जे काय केलंयस ते लिहून कळव. म्हणून हे पत्र. यात मागणं काही नाही, नुसता खुलासा आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. रेडिओचा मागचा पुठ्ठा काढून आत बघत बघत इथवर आलो, आणि आज चार ठिकाणची यंत्रं माझ्या भरवशावर चालतात. माझा नेम एकच, गिऱ्हाईकाचं काम एक मिनिटही थांबू द्यायचं नाही. लोक यंत्र बंद करून दुरुस्त करतात; त्यात काय मोठंसं? चालू यंत्रात हात घालून ते दुरुस्त करणारा माणूस वेगळा. कवळीवाल्या बाईंना मी जे यंत्र दिलं ते एका मोठ्या कचेरीने मोडीत काढलेलं होतं. (मोडीत म्हणजे त्यांच्या मते. माझ्या मते त्याला अजून मिसरूडही फुटलेली नव्हती.) ट्रंकेएवढं धूड, आत आठ पंखे, आणि खासियत अशी की चालू असतानाच त्यातली मेमरीची पट्टी काढता येते. बाईंना ते देताना मी याच गोष्टीवर अर्धा तास बोललो होतो. बाई ऐकता ऐकता एका प्लास्टरच्या जबड्याची कड घासत होत्या. त्यांच्या मागच्या खोलीत असे साठ-सत्तर जबडे फळीवर मांडलेले आहेत, आणि त्यांच्यासमोर बढाई मारायची तर छाती लागते, कारण सगळे एकदम हसत असतात.

तर गेल्या सोमवारी मातोश्री तिथे गेल्या. आधी तीनदा ठरवून त्यांनी ऐनवेळी तोंड मिटलं होतं, हे तुम्ही जाणताच. बाईंच्या नव्या पद्धतीत तोंडात लगदा भरत नाहीत, बोटाएवढा कॅमेरा हिरड्यांवरून फिरवतात आणि यंत्र त्याचं चित्र जुळवतं. बारा मिनिटं आ करून बसायचं, एवढंच. मातोश्री बसल्या. चौथ्या मिनिटाला त्यांनी बाईंचं बोट चावलं (दात नसतानाही चावता येतं, हे मला नवीन होतं), पण बसल्या. कारण त्यांच्याच तोंडून मी ऐकलं, "नात तीन वर्षांनी येतेय, तिच्यापुढे मी अशी बोळकी जाणार नाही. दात झाले तर बाहेर येईन, नाही तर ती असेपर्यंत माझं ताट खोलीत पाठवा." आपली बारकी यायला तेव्हा बरोबर एकोणीस दिवस उरले होते. आणि दाजी, मातोश्रींचं 'नाही' म्हणजे नाहीच, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या उठून गेल्या आणि बाई पडद्यावर चित्राच्या कडा कापत बसल्या. कडा कापून झाल्यावरच त्या ते कायमचं साठवतात, अशी त्यांची रीत. तोवर ते चित्र मेमरीत, म्हणजे हवेतच म्हणा. नेमका त्याच वेळी मी नवी पट्टी घेऊन पोचलो, कारण आठांतली तिसरी पट्टी महिनाभर कुरकुरत होती. बाई म्हणाल्या, "थांबा जरा, हे संपू द्या." मी म्हणालो, "तुम्ही चालू ठेवा हो. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल, कंटाळू नका. प्रत्येक यंत्रात एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. (लष्करातला नव्हे, पण मिजास तीच.) सगळी मेमरी त्याच्या ताब्यात. तो तिचे कप्पे पाडतो, बाईंच्या यंत्रात बत्तीस, आणि प्रत्येक कप्प्याच्या दारावर एक चिठ्ठी लावतो की हा काढता येण्याजोगा आहे की नाही. एक म्हणजे हो, शून्य म्हणजे नाही. मी काय आंधळेपणाने हात घालणारा माणूस नाही. मी आधी चिठ्ठ्या वाचल्या. पहिल्या कप्प्यावर एक. दुसऱ्यावर एक. बत्तीसच्या बत्तीसांवर एक. आता एखाद्या कचेरीत बत्तीस जणांना विचारलं आणि बत्तीसही जण "हो साहेब, कधीही उठवा" म्हणाले, तर शहाण्या माणसाला संशय यायला हवा. मला आनंद झाला. मी खटका दाबला आणि तिसरी पट्टी ओढली.

आठही पंखे एकदम किंचाळले. मग गप्प झाले. पडद्यावर मातोश्रींच्या वरच्या हिरडीचा उजवा अर्धा भाग थिजून राहिला होता, आणि थोड्या वेळाने तोही गेला. बाई शांतपणे म्हणाल्या, "मला कळलं हो."

मी तिथल्या तिथे ठरवलं की हे कशामुळे झालं ते कळल्याशिवाय या खोलीतून हलायचं नाही. यंत्र पुन्हा सुरू केलं, पुस्तकं चाळली, आणि दुसऱ्या दिवशी बारकीला फोन लावला. ती याच कामात आहे, आणि मामाला हसल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही ही तिची फी. मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "मामा, तू काय उपसलंस?" मी म्हटलं, काही नाही, एका ओळखीच्या माणसाचं विचारतोय. ती म्हणाली, "त्या ओळखीच्या माणसाला सांग, त्या एकचा अर्थ 'हो' नाही. त्याचा अर्थ 'बघू' असाही नाही. त्याला काही अर्थच नाही."

मग तिने उलगडून सांगितलं ते असं. पूर्वी हा कारभारी खरोखर कप्प्यात डोकावून अंदाज द्यायचा. पण तो अंदाज देईपर्यंत आत नवीन कोणीतरी येऊन बसलेलं असायचं, त्यामुळे खरं सांगूनही खोटं पडायचं, शिवाय डोकावण्याचा त्रास वेगळा. शेवटी करणाऱ्यांनी ठरवलं की सरसकट एक सांगून टाकायचं. चिठ्ठीच काढून टाका म्हणाल, तर जुने प्रोग्राम ती वाचायला येतात, आणि ती सापडली नाही की गोंधळ घालतात. म्हणून चिठ्ठी ठेवली, तिच्यातला जीव काढून घेतला. खरं जाणून घ्यायचं असेल तर कर्नलला रीतसर सांगायचं की हा कप्पा रिकामा कर. मग तो आतल्यांना दुसरीकडे हलवून बघतो. जमलं तर जमलं, नाही तर तोंडावर सांगतो, कामात आहे. "आणि मामा," ती म्हणाली, "कप्पा म्हणजे पट्टी नव्हे. एकेक कप्पा आठही पट्ट्यांवर थोडा थोडा पसरलेला असू शकतो. तुझ्या ओळखीच्या माणसाने एक खुर्ची नाही काढली, सगळ्या खुर्च्यांचा एकेक पाय काढला."

दाजी, मी ऐकलेल्यावर विश्वास ठेवणारा नाही. बाईंची परवानगी घेतली (त्यांनी मान हलवली, ती कोणत्या दिशेने हे मी बारकाईने पाहिलं नाही) आणि पुढचे दोन दिवस एकेका कप्प्याला रीतसर विचारत बसलो. कॅमेरा त्या वेळात दुसऱ्या यंत्राला जोडून बाईंचं काम चालू होतं. बत्तीसांतले पाच निमूट उठले. सत्तावीस म्हणाले, कामात आहे. त्या पाचांतला एक सकाळी उठला होता, त्याला परत बसवून दुपारी विचारलं तर तोही कामात. आणि इतकं होऊनही दारावरची चिठ्ठी बत्तीसांचीही तीच, एक. मला त्या कर्नलचा राग यायला हवा होता, पण सांगू का, ओळखीचा वाटला. लग्नघरात पाहुण्याला "जागा आहे का" विचारलं की तो जागेवरून तसूभरही न हलता "या ना, बसा ना" म्हणतो, तोच हा.

बाईंच्या विश्वासाचं काम चालू आहे. मी त्यांच्या सगळ्या जबड्यांच्या फळ्या नावांच्या पाट्यांसकट नीट लावून दिल्या, आणि चित्र घेता घेताच ते आपोआप साठवलं जाईल अशी सोय करून दिली. म्हणजे पुन्हा कोणी काहीही उपसलं तरी हिरड्या शाबूत. हे बाईंना इतकं पटलं की त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही केलंत?" दोन वर्षांत त्या माझ्याशी एवढं आपलेपणाने कधी बोलल्या नव्हत्या.

तर हा खुलासा. सर्वांना यथायोग्य. गुडघ्याची काळजी घ्या.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता.क. मागणं काही नाही म्हणालो होतो, ते वरच्या पत्रापुरतं. येत्या गुरुवारी सकाळी दहाला मातोश्रींना पुन्हा बारा मिनिटं आ करून बसावं लागेल. त्या दिवशी चित्र मिळालं तर बाई आठ दिवसांत दात देतील, म्हणजे बारकीच्या आदल्या दिवशी. शुक्रवार झाला तर नाही. मी मातोश्रींना फोन केला होता. त्या लगेच म्हणाल्या, "हो हो, येईन की." असं "हो हो" मी गेल्या आठवड्यात बत्तीस वेळा वाचलंय. तेव्हा दाजी, तुम्ही त्यांना विचारू नका. साडेनवाला रिक्षा दाराशी उभी करा, त्यांची चप्पल रिक्षाच्या दिशेने मांडा, आणि हाताला धरून प्रत्यक्ष उठवून बघा. उठल्या तर उठल्या. "कामात आहे" म्हणाल्या तर थोडं थांबून पुन्हा. तुमचा गुडघा दुखत असला तरी हे काम तुमचंच आहे. माझं नाव काढलं तर त्या मुळीच उठणार नाहीत.

ता.क. दुसरा. बाईंनी बोटाला पट्टी बांधून कॅमेरा धरायचं कबूल केलंय. मातोश्रींना हे सांगू नका, त्यांना अभिमान वाटेल.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. ती कुरकुरणारी पट्टी काल बदलली. चार मिनिटं लागली. बाई दुपारी एक ते दोन यंत्र बंद करून जेवायला जातात. घेतल्यापासून रोज जातात.