पाच घरांची गोधडी

तीर्थरूप आई,

साष्टांग नमस्कार एवढं लिहिलं आणि हात थांबला. तू जाऊन दोन महिने झाले आणि मी सवयीने तुलाच पत्र लिहायला बसले आहे. पण आज दुपारी जे ऐकलं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

कोलशेतहून पार्वताबाई आली होती, आपली शेजारीण. डोंबिवलीत तिची लेक दिली आहे, तिच्याकडे आली होती. जाता जाता वाट वाकडी करून मला बघायला आली. सातवा महिना लागला आहे ना मला. मी जमिनीवर गोधडी पसरून बसले होते. तिने टेकायच्या आधीच खाली वाकून एका चौकोनावर बोट ठेवलं.

"बाय, यो तं माजे पोराचे सदऱ्याचा तुकरा!"

मला काही कळेना. तुकडे तर तू ठेवलेले. तुझं तेरावं झाल्यावर दादाने पंच्यात बांधलेलं गाठोडं माझ्या हातात दिलं होतं. "आईने तुझ्या बाळासाठी जमवलं होतं," एवढंच म्हणाला.

खरं सांगू? गाठोडं सोडलं तेव्हा मी तुझ्यावर रुसले होते. मी तुझं हिरवं लुगडं शोधलं, अण्णांच्या कोटाचं अस्तर शोधलं, माझा लहानपणचा परकर शोधला. काहीच नाही! सगळी अनोळखी कापडं. कुठे विटकं पटक्याचं लाल, कुठे जाडंभरडं चौकड्यांचं. नीट वीतभर कापलेली, स्वच्छ धुतलेली. आईला आपल्या घरातली एक चिंधीही मला द्यावीशी वाटू नये? म्हणून दादाकडून तुझं तपकिरी लुगडं मागून आणलं आणि त्याचा तुकडा मी मधोमध लावला. बाळ तुझ्या मांडीवर नाही, तर निदान तुझ्या लुगड्यावर निजेल, एवढंच मनात होतं.

पार्वताबाईला विचारलं, "तुझ्या मुलाचा सदरा आईकडे कसा?"

"कसा म्हंजे? मागून नेला. तुजी आय माजे दारान उबी ऱ्हायली, पदर पसरून. 'पार्वताबाई, भीक घाल,' बोलली. मना वाटला बाई येरी जाली! बोललू, तांदूल देवू? तं बोलते, 'तांदूळ नको. तुझ्या मुलांच्या अंगावरचं जुनं काही दे.' माजी साती पोरां जित्ती हान ना, म्हनून माज्याकरं आली. आशी पाच घरां फिरली ती, भिकेचे कापरावर पोर जगतं म्हनून."

आई, तू? तू भीक मागितलीस?

विरजण संपलं तर तू दुधात लिंबू पिळायचीस, पण वाटी घेऊन शेजारी गेली नाहीस. मिठागरावरच्या मुन्शीची बायको म्हणून गावात तुझा केवढा ताठा! कुणी पावट्याच्या शेंगा आणून दिल्या तर त्याची टोपली तू कधी रिकामी परत पाठवली नाहीस. कुणाचं काही ठेवायचं नाही, हे तूच मला शिकवलंस ना? आणि तीच तू पाच घरांच्या दारात उभी राहिलीस. ज्या घरांत एकही मूल दगावलं नाही अशी घरं शोधून. माझी दोन गेली म्हणून.

पार्वताबाई पुढे म्हणाली, "आनि अनवानी. भीक मागाची तं पायान वाना घालाच्या नाय. चैताचा उन, आनि ही एवरीशी म्हातारी! मी बोललू, पोरीला सांग तरी. तं माजेवर खेकसली, 'कुसुमला कळलं तर तुझी खैर नाही!' आता ती नाय, मंग माजी खैर कोन काराचा हाय?" आणि ती हसली. मला हसू आलं नाही.

कारण मला तुझे तळवे आठवले. चैत्रातच मी आले होते. तू पाय आखडून घेत होतीस. मी ओढून पाहिले तर फोड आलेले. "मिरच्या वाळत घालत होते अंगणात," म्हणालीस. मी खोबरेल लावलं आणि वर तुलाच रागावले, वहाणा घालायला काय होतं म्हणून! तू ऐकून घेतलंस. खरं का नाही सांगितलंस? मी हसेन म्हणून? हसलेही असते कदाचित.

निघताना पार्वताबाईने मधल्या तुकड्यावर हात ठेवला. "आनि यो?"

"तो आईच्या लुगड्याचा."

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "कार तो, बाय. घरचा कापर चालत नाय. सगला भिकेचा पायजे. नायतं ती येवरी फिरली ती कशाला?"

ती गेल्यापासून मी गोधडीजवळ बसून आहे. कडेकडेने धावदोरा घालत मी मध्यापर्यंत पोचले होते. तुझाच एक चौकोन राहिला होता. तुझा शब्द राखायचा तर तुलाच उसवून काढायचं! असं कसं गं घालून ठेवलंस माझ्यासाठी?

संध्याकाळी हे घरी आले. मी सगळं सांगितलं. ह्यांनी विचारलं, "तुझा विश्वास आहे असल्या गोष्टींवर?"

"नाही."

"मग राहू दे की तुकडा."

"आईचा विश्वास होता," मी म्हटलं. मग ह्यांनी कात्री शोधून माझ्यापुढे ठेवली.

आई, आत्ताच टाके उसवले. मध्ये भोक पडलं आहे. त्याच्याकडे बघवत नाही.

समोरच्या खोलीत काकू राहतात. चार मुलं आहेत त्यांना, चारी धडधाकट, दिवसभर आमच्या दारापुढे दंगा घालतात. तुला माहीत आहे, मी कुणाच्या दारात जात नाही. काकूंशी अजून "पाणी आलं का?" ह्यापलीकडे बोलले नाही. उद्या सकाळी मी वहाणा काढून त्यांच्या दारात उभी राहीन आणि पदर पसरेन. काय म्हणायचं ते तू पार्वताबाईपाशी म्हणून ठेवलं आहेस. तेच म्हणेन.

तुझा तुकडा घडी करून कुंकवाच्या डब्याखाली ठेवला आहे. बाळ वर्षाचं होऊन ह्या घरात पाऊल टाकेल, त्या दिवशी तो परत मधोमध शिवीन. तोवर थांब.

तुझी,
कुसुम