साठ चादरी डेबिट

१ तारीख, सोमवार. सकाळी सात.
वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडक्लार्क म्हणाले, अक्षर सुधारायचं तर रोज चार ओळी लिहा. म्हणून ही वही. कुणी वाचायची नाही.
लॉण्ड्रीच्या गल्ल्यावर एकतीस वर्षं मी बसते. काल मुलगा म्हणतो, नव्या मशीनला बँकेचं लोन पाहिजे, बँकेला डेबिट-क्रेडिटची वही पाहिजे, तीस तारखेला साहेब तपासायला येणार. तेव्हा आता गल्ल्यावर सूनबाई. मी म्हटलं, डेबिट-क्रेडिट मी लिहीन. तो हसला. सून हसली नाही, म्हणजे आतून हसली. शेवटी ठरलं: वही जुळली तर गल्ल्यावर मी, नाही तर ती.
मी तिसरी पास आहे. तेव्हाची तिसरी.

३ तारीख, बुधवार.
शिकवणी सुरू. शिकवायला हेडक्लार्कच, फी रोज दोन पँटींची इस्त्री. पहिला धडा: प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी विचारलं, एकदा लिहून लोकांचा विश्वास बसत नाही का. ते म्हणाले, वहिनी, आधी ऐकून घ्या.

४ तारीख, गुरुवार.
वस्तू आली की डेबिट, गेली की क्रेडिट. घेणारा डेबिट, देणारा क्रेडिट. डावी बाजू डेबिट, उजवी क्रेडिट. शेवटी दोन्हींची बेरीज सारखी आली की वही जुळली. ते पुढंही बरंच बोलत होते. मी म्हटलं, बाकीचं मला येतं. लोक याला दोन-दोन वर्षं कॉलेजात जातात.

५ तारीख, शुक्रवार.
बँकेत पैसे भरले. नियमानं घेणारी बँक, म्हणजे बँक डेबिट. पासबुकात बघते तर क्रेडिट छापलंय. खिडकीतल्या पोरीला चूक दाखवली. ती म्हणाली, तुमच्या वहीत डेबिट, आमच्या वहीत क्रेडिट, दोन्ही बरोबर. दोन्ही कसं बरोबर असेल. मागं रांग लागली होती म्हणून सोडून दिलं. साहेब आले की सांगीन, ही पोरगी कच्ची आहे.

६ तारीख, शनिवार. दुपारी.
मोठी गोष्ट सापडली. समोरच्या हॉटेलातून साठ चादरी धुवायला आल्या. वस्तू आली, डेबिट. किंमत प्रत्येकी पाचशे. डावीकडे तीस हजार. उजवीकडे हॉटेलवाला क्रेडिट, तीस हजार. एका दमात जुळली. एकतीस वर्षं मी चादरीपुढं नुसती रेघ मारत होते आणि दुकान गरीब ठेवत होते.

९ तारीख, मंगळवार.
आता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते, हा शर्ट केवढ्याचा. बहुतेक फुगवून सांगतात. सांगू देत, आपलंच भलं. एका बाईनं स्वेटर बक्षीस मिळालाय म्हणून सांगितलं. मी दीड हजार लावले.
सूनबाई कोपऱ्यात फोनवर टकटक करत असते. विचारलं तर म्हणते, काही नाही आई, रोजचं लिहून ठेवते. असेल मैत्रिणींचं.

१३ तारीख, शनिवार.
एक खोट दिसली. कपडे परत दिले की क्रेडिट होतात आणि डावी बाजू उतरते. सकाळी दुकान लाखाच्या पुढं होतं, संध्याकाळी बहात्तर हजार. एवढी नासाडी मी बघत बसणार नाही. उद्यापासून परत देणं कमी.

१६ तारीख, मंगळवार.
कारणं तयार ठेवलीत. डाग निघाला नाही. वाळलं नाही. इस्त्री तापत नाही. दोनच जण चिडले. हॉटेलवाला तिसरा. म्हणाला, मावशी, माझी गिऱ्हाइकं गादीवर टॉवेल टाकून झोपतायत. मी म्हटलं, टॉवेलही द्या धुवायला.
दिले. चाळीस टॉवेल डेबिट.

२२ तारीख, सोमवार.
मुलगा विचारतो, गल्ल्यात पैसे का नाहीत. मी म्हटलं, श्रीमंती गल्ल्यात नसते, वहीत असते. त्यानं वही बघायला मागितली. मी म्हटलं, तीस तारखेच्या आधी मिळणार नाही. तो कपाळाला हात लावून बसला. बापावर गेलाय.
दुकानात उभं राहायला जागा नाही. खुर्ची फूटपाथवर काढली.

२५ तारीख, गुरुवार.
हेडक्लार्कांच्याच पाच पँटी अडकल्या. मागायला आले. परत दिल्या तर दोन हजार जातात. मी म्हटलं, तीस तारखेनंतर. त्यांनी विचारलं, तुम्ही नक्की लिहिताय तरी काय. मी म्हटलं, तुम्ही शिकवलंत तेच. खाली मान घालून गेले. शिकवणी बंद. तशीही संपलीच होती.

२९ तारीख, सोमवार.
बेरीज तीनदा केली. डावीकडे एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे. उजवीकडे एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे. सूनबाईचा चेहरा उद्या कसा होईल ते डोळ्यापुढं येतंय. तिला वाईट बोलणार नाही. पावत्या फाडायला ठेवीन.

३० तारीख, मंगळवार. दुपारी चार.
साहेब आले. तरुण आहेत. वही दोनदा वाचली आणि म्हणाले, आजी, जुळली आहे, पैचा फरक नाही. मी मुलाकडं बघितलं.
मग म्हणाले, डावीकडचे कपडे लोकांचे, आणि उजवीकडे ज्यांची नावं आहेत त्यांचं तुम्ही देणं लागता. एकशे चौदा जणांचं. मी म्हटलं, ती नावं मी आभार म्हणून लिहिली. त्यांनी विचारलं, लोकांचे कपडे वजा केले तर दुकानाचं काय उरतं. मी सगळीकडं बघून खरं ते सांगितलं. हँगर. त्यातलेही अर्धे लोकांचे.
तेवढ्यात सूनबाईनं फोन पुढं केला. वर्षभराची धुलाई, साबण, वीज, भाडं, सगळं त्यात. महिन्याचा नफाही. साहेब खुर्ची ओढून बसले, चहा घेतला. लोन देऊ म्हणाले, पण आधी लोकांचे कपडे परत करा.
मी म्हटलं, वही जुळली होती, ठरल्याप्रमाणे गल्ल्यावर मी. मुलगा म्हणाला, आई, वही जुळली, दुकान बुडत होतं. मी मोठ्या मनानं सोडलं.

१ तारीख, बुधवार.
गल्ल्यावर सूनबाई. मी घरोघर गठ्ठे पोचवते, उजवी बाजू शून्य होईपर्यंत. हेडक्लार्कांनी पँटी दारातूनच घेतल्या आणि मोजल्या.
हॉटेलवाल्यानंही मोजल्या. चादरी एकोणसाठ. साठावी मी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली होती, तिला तीन भोकं. गल्ल्यातून पाचशे रुपये भरावे लागले. सूनबाईनं फोनमध्ये माझ्या नावाचं खातं उघडलं आणि ते माझ्यावर डेबिट टाकले.
घेणारा डेबिट. म्हणजे मला काहीतरी मिळालंय. काय ते उद्या तिला विचारीन.